ट्यूडरांचा शेजार

जेवणानंतर कुणाला सुपारीचे खांड लागते, कुणाला बडीशेप लागते. कुणी शतपावली घातल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकत नाही. मला गेली काही वर्षे जेवणानंतर ट्यूडर लागतात.

इंग्लंडच्या गादीवर १४८५ पासून १६०३ पर्यंत नांदलेल्या या घराण्याशी माझा काडीइतकाही संबंध नाही. त्यांच्या जमिनीत माझा वाटा नाही, त्यांच्या भांडणात मी साक्षीदार नाही. तरीही रात्रीचे नऊ वाजले, की मी पडद्यासमोर आरामखुर्ची ओढतो आणि आठव्या हेन्रीच्या घरात आज काय चालले आहे ते पाहत बसतो. शेजारच्या बिऱ्हाडात आवाज चढले, की आपण नकळत भिंतीकडे सरकतो ना, तसाच हा प्रकार. फक्त ही भिंत चारशे वर्षे जाड आहे.

आधीच सांगून टाकतो, मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. शाळेत सनावळ्यांनी माझा इतका छळ केला होता, की शाळा सुटल्याबरोबर मी त्या विषयाला दुरूनच हात जोडले. पुढची छत्तीस वर्षे एका कचेरीत हिशेब तपासण्यात गेली. निवृत्त झालो आणि एक दिवस पाय मुरगळला. पायाला पट्टी, समोर पडदा, आणि रिमोट नातवाने कुठे ठेवला ते कुणालाच ठाऊक नाही, अशा अवस्थेत जे समोर लागेल ते पाहणे भाग होते. समोर लागले होते लेस्टर शहरातले मोटारी उभ्या करण्याचे एक आवार, आणि ते खणणारी माणसे.

ती माणसे एका राजाला शोधत होती. तिसरा रिचर्ड हा ट्यूडरांच्या आधीचा राजा. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉस्वर्थच्या लढाईत तो पडला आणि सातव्या हेन्रीने ट्यूडरांचे राज्य सुरू केले. रिचर्डला ज्या मठात पुरले होते, तो मठ पुढे नाहीसा झाला. २०१२ साली त्या आवाराच्या डांबराखाली एक सांगाडा सापडला. पाठीचा कणा वाकडा, कवटीवर घाव. रिचर्डच्या बहिणीच्या वंशातला एक माणूस लंडनमध्ये लाकडी सामान बनवण्याचा धंदा करीत होता. त्याच्या रक्ताची खूण सांगाड्याशी जुळली. २०१५ साली लेस्टरच्या मोठ्या चर्चमध्ये राजाला पुन्हा पुरले, तेव्हा त्याची शवपेटी या सुताराने स्वतःच्या हाताने घडवली होती.

पाय बरा झाला, पण मी खुर्चीतून उठलो नाही. पाचशे वर्षांनंतर एक दूरचा भाचा येतो आणि मामाची पेटी तयार करतो, हे मला कोणत्याही सनावळीने सांगितले नव्हते.

हळूहळू माझ्या लक्षात आले, की हे माहितीपट म्हणजे इंग्रजांची कीर्तनेच आहेत. पूर्वरंगात राजवाड्याच्या भिंती, तैलचित्रे, जुने कागद. उत्तररंगात आख्यान. निरूपण करणाराही आमच्या हरिदासांसारखाच. डेव्हिड स्टार्की यांनी २००१ साली सहा राण्यांवर मालिका केली. ते शब्दावर असा जोर देतात, की जणू आरोपपत्रच वाचत आहेत. ल्यूसी वर्स्ली या बाईंनी २०१६ साली त्याच राण्यांची कथा सांगितली. त्या तर दासीचा वेश करून राणीच्या दालनातच जाऊन उभ्या राहतात, आणि मग हलकेच आपल्याकडे वळून आतली गोष्ट सांगतात. कथा ठाऊक असते, शेवट ठाऊक असतो, तरी श्रोता जागचा हलत नाही. सीता पळवली जाणार हे माहीत असूनही आमची आजी दरवर्षी रामनवमीच्या कीर्तनाला पहिल्या रांगेत बसायची. तिचे मला आता कळते.

आमच्या घरात मात्र या छंदाला राजाश्रय नाही. २०१३ सालच्या एका मालिकेत तिघे जण इंग्लंडात एका शेतावर १५०० सालच्या कुळांसारखे राहतात. चूल पेटवतात, गुरे राखतात, हाताने धान्य पाखडतात. मी कौतुकाने हाक मारली, तर ही पदराला हात पुसत आली, मिनिटभर उभी राहिली आणि म्हणाली, “हे काय! माझ्या आजोळी असंच होतं. आमच्याकडे नाही कुणी कॅमेरा घेऊन आलं!” आणि गेली.

सहा राण्यांच्या बाबतीत तिचे मत अधिक कडक आहे. आठवा हेन्री १५०९ साली गादीवर आला. आमच्या पुराणातल्या राजांनाही राण्या पुष्कळ, पण एक आणायची तर आधीची घालवावी लागते, ही अडचण त्यांना नव्हती. हेन्रीची सारी कथा या अडचणीतून निघाली. पहिली कॅथरिन, स्पेनच्या अ‍ॅरागॉनची. तिच्यापासून मुलगा जगला नाही, म्हणून ते लग्नच मुळात खरे नव्हते असे पोपने म्हणावे, अशी हेन्रीची मागणी. पोप म्हणेना, तेव्हा १५३४ साली हेन्री स्वतःच इंग्लंडच्या धर्मपीठाचा प्रमुख झाला. दुसरी अ‍ॅन बोलीन, तिचा शिरच्छेद. तिसरी जेन सीमोर. १५३७ साली मुलगा झाला आणि बारा दिवसांत ती बाळंतपणात गेली. चौथी क्लीव्ह्‍जची अ‍ॅन. सहा महिन्यांत लग्न रद्द. पाचवी कॅथरिन हॉवर्ड; १५४२ साली शिरच्छेद. सहावी कॅथरिन पार. ती तेवढी राजाच्या मागे उरली. इंग्लंडात शाळेतली मुले या सहा जणींचे शेवट एका यमकात पाठ करतात.

“त्यातल्या त्यात चौथी शहाणी,” ही म्हणते. “भांडली नाही, रडली नाही. दिलेलं घरदार घेतलं आणि बाजूला झाली.” हे खरेच आहे. राजाची बहीण असा मान घेऊन ती वेगळी राहिली आणि १५५७ पर्यंत जगली. राजा गेला, बाकीच्या पाचही राण्या गेल्या, त्यानंतर ही गेली.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. अ‍ॅन बोलीनचा शेवट जवळ आला, की ही उठून स्वयंपाकघरात जाते. एकदा नव्हे, दर वेळी. एका रात्री मी म्हटले, “अगं बस की, आता खरा रंगात आला आहे कार्यक्रम.”

ती दारातच थांबली. “अहो, किती वेळा बघणार त्या बाईला मारताना? आणि तेही जेवण झाल्यावर!”

मी थट्टेवारी नेणार होतो, पण जमले नाही. त्याच वेळी पडद्यावर निरूपणकार एका हिशेबाबद्दल सांगत होता. १९ मे १५३६ रोजी अ‍ॅनचे डोके उडवण्यासाठी कॅलेहून खास तलवारवाला आणवला होता. त्याची मजुरी २३ पौंड, ६ शिलिंग, ८ पेन्स. तशी नोंद आहे. शवपेटी करायचे मात्र कुणाला सुचले नव्हते. बाण ठेवायच्या एका जुन्या पेटीत तिला ठेवले, असे सांगतात.

ही नोंद ऐकून मी गप्प झालो. ज्याने ती लिहिली असेल, त्याला मी ओळखत होतो. तो क्रूर नसणार. अक्षर स्वच्छ असणार. पौंडाखाली पौंड आणि पेन्साखाली पेन्स त्याने नीट मांडले असतील, बेरीज दोनदा तपासली असेल आणि वेळेवर घरी गेला असेल. मीही छत्तीस वर्षे तेच केले. एका विधवा बाईंचे निवृत्तिवेतनाचे कागद मी एकदा नव्हे, तीनदा परत पाठवले होते. एका जागी सही नव्हती, एका जागी शिक्का पुसट होता. नियमाप्रमाणे माझे काहीच चुकले नव्हते. चौथ्या वेळी त्या बाई स्वतः आल्या. सोबत एक लहान मुलगी होती, तिचा फ्रॉक आखूड झाला होता. मला फ्रॉक दिसला. पण त्या दिवशी तो कागदाशी जोडता आला नाही.

तो जोडला गेला ट्यूडरांमुळे. अ‍ॅन गेली तेव्हा तिची मुलगी एलिझाबेथ पुरती तीन वर्षांचीही नव्हती. आईचे लग्न रद्द ठरले, तशी ही राजकन्याही उरली नाही. तिला सांभाळणाऱ्या लेडी ब्रायन या बाईंनी त्याच वर्षी टॉमस क्रॉमवेलला एक पत्र लिहिले. पोरीला अंगावर घालायला धड कपडे नाहीत. झगा नाही, परकर नाही, रात्रीची टोपी नाही, काहीतरी पाठवा. शिवाय दाढा येताहेत, त्याचा तिला फार त्रास होतो आहे. म्हणून मी तिला जरा मनासारखे करू देते, असेही बाईंनी लिहिले आहे.

हे पत्र ज्याच्या मेजावर गेले, तो क्रॉमवेल म्हणजे राजाचा सर्वात मोठा कागदवाला. अ‍ॅनचा खटला उभा करण्यात त्याचाच हात मोठा. पुढे चारच वर्षांनी, २८ जुलै १५४० रोजी, त्याचेही डोके उडाले, आणि नेमक्या त्याच दिवशी हेन्रीने पाचवे लग्न केले.

मी हिला हाक मारली आणि पत्राची हकीकत सांगितली. या वेळी ती बसली. दाढांचे ऐकून म्हणाली, “लवंगेचं तेल तरी होतं की नाही त्यांच्याकडे?” मग थोड्या वेळाने, “आणि कपडे? मिळाले का हो शेवटी तिला?”

त्यानंतर आमच्या घरात एलिझाबेथचे येणेजाणे वाढले. १५५८ साली ती राणी झाली आणि चव्वेचाळीस वर्षे राज्य केले. त्याच काळात इकडे अकबर गादीवर होता आणि अहमदनगरचा कोट चांदबिबी लढवत होती. ज्या साली एलिझाबेथ जन्मली, त्याच १५३३ साली पैठणला एकनाथांचा जन्म झाला असे परंपरा मानते. शाळेत या साऱ्या सनावळ्या मला वेगवेगळ्या कप्प्यांत भेटल्या होत्या. एकाच वेळी एवढी माणसे एकाच चंद्राखाली जेवत-झोपत होती, हे साठी उलटल्यावर कळले.

आणि एक धागा तर थेट आपल्या ओसरीपर्यंत आला. एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिकांना दिवस वाईट होते. विल्टशायरचा एक कॅथलिक तरुण देश सोडून रोमला गेला, जेझुइट झाला आणि १५७९ साली गोव्याला उतरला. त्याच्या ज्या मित्राने मागे राहून तोच पंथ धरला, त्याची उमर तुरुंगात गेली. हा तरुण म्हणजे फादर टॉमस स्टीफन्स. आयुष्याची चाळीस वर्षे साष्टीच्या बाजूला काढून त्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले. ते १६१६ साली छापले गेले. १५८३ साली एलिझाबेथचे अकबराला लिहिलेले पत्र घेऊन निघालेले इंग्रज व्यापारी गोव्यात पोर्तुगीजांच्या कैदेत पडले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी धावला तो हाच पाद्री. ज्या राणीच्या कायद्याने याला देश पारखा झाला, तिच्याच माणसांना याने सोडवले. आपल्या मुलखातली माणसे दिसल्यावर त्याने कागद तपासले नाहीत, एवढे खरे.

भिंतीला कान लावून बसलो होतो तो दुसऱ्याच्या घरातली भांडणे ऐकायला. त्यांच्यात आपले कुणी मेले नाही, म्हणून तिथे निवांत बसता येते. आपल्या इतिहासात मन लगेच बाजू घेते, मूठ वळते, आणि मुठीतून काही निसटून जाते. परक्याच्या घरात मूठ उघडी होती, म्हणून तीत एक आखूड फ्रॉक सापडला. आता कधी आपल्या गडावर गेलो, तर मी तोफ आणि बुरूज पाहीन, पण तिथल्या एखाद्या पोरीच्या दाढांचे काय झाले, हेही विचारीन. उत्तर मिळेलच असे नाही.

परवा दिवाळीचे कपडे आले. नातीचा नवा फ्रॉक अंगाला लावून पाहिला, तर दोन बोटे आखूड. मापे घेतल्यापासून ती वाढली होती! ही शिवणाचा डबा घेऊन बसली आणि खालची दुमड उसवू लागली. मला एकदम आठवले.

“अगं, सांगायचं राहिलंच. १६०० साली त्या एलिझाबेथच्या वस्त्रागाराची यादी केली होती. शेकडो झगे निघाले.”

हिने दाताने दोरा तोडला. “निघणारच,” ती म्हणाली. “वेळेवर एक मिळाला नव्हता ना!”

मग चष्मा नाकावर सरकवून तिने मला सुई दिली. “ओवून द्या जरा. बघत काय बसलात?”

त्या रात्री नऊ वाजून गेले, तरी मी पडदा लावला नाही.