सागवानी जहाज, थाळनेर आणि आपली विक्रांत

इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावच्या गोदीत शिडाचं एक जुनं लढाऊ जहाज आहे. दोनशे वर्षं उलटून गेली, अजून पाण्यावर तरंगतंय. नाव 'ट्रिंकोमाली'. इंग्रज मोठ्या कौतुकानं दाखवतात, पण त्याचा जन्म आपल्या मुंबईच्या गोदीतला! बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. त्यांचे आजोबा लवजी १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले. म्हणजे घराणं मूळचं तापीकाठचंच म्हणा ना.

इंग्रजांकडे तेव्हा जहाजांसाठी ओकचं लाकूड कमी पडू लागलं होतं. आपल्याकडे साग. सागात तेल असतं, त्यामुळे लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत, ओकमध्ये गंजतात. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या शिरपूरकरांना सागाचं मोल मी काय सांगावं? या जहाजाचा साग मात्र मलबारचा.

जहाजाचे नकाशे 'जावा' नावाच्या जहाजातून मुंबईला निघाले होते. १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'नं जावाला ब्राझीलजवळ गाठून संपवलं. नकाशे गेले, परत पाठवावे लागले. गंमत म्हणजे ती कॉन्स्टिट्यूशनही आज बॉस्टनला तरंगतेय.

१२ ऑक्टोबर १८१७ ला ट्रिंकोमाली पाण्यात उतरली. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, २७ फेब्रुवारी १८१८ ला, हिस्लॉपची इंग्रज फौज आपल्या थाळनेरच्या किल्ल्यावर आली. दरवाजात गोंधळ झाला, आतली शिबंदी कापली गेली, किल्लेदाराला फाशी दिलं. एकीकडे मुंबईचे कारागीर त्यांना जहाज बांधून देतात, दुसरीकडे तेच आपला किल्ला घेतात. मला हे दोन्ही एकत्र आठवल्याशिवाय राहत नाही.

पुढे जहाजाचं काय झालं? १८१९ ला इंग्लंडला पोचलं तोवर नेपोलियन संपलेला. लढाईच नाही, म्हणून २५ वर्षं नुसतं बांधून ठेवलं. १८४७ पासून दहा वर्षं वेस्ट इंडीज आणि पॅसिफिककडे फिरलं. मोठी लढाई अशी त्याच्या नशिबी आलीच नाही. १८९७ मध्ये भंगारात जाणार होतं, तर एका गृहस्थानं विकत घेऊन त्यावर पोरांची शाळाच काढली. १९८६ पर्यंत पोरं त्यावर दर्यावर्दीपणा शिकली. मग दहाएक वर्षं खपून ते पुन्हा उभं केलं.

माझ्या मते ते वाचलं ते शाळेमुळे. रोज माणसं वावरत होती, गळती दिसली की कोणीतरी बुजवत होतं.

आता आपली विक्रांत. १९७१ च्या युद्धात नाव काढलेली. १९९७ ला निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून ठेवली, २०१२ ला तेही बंद. धोकादायक झाली म्हणे. २०१४ मध्ये लिलाव होऊन साधारण ६० कोटींना भंगारात गेली. तिच्या पोलादातून मोटारसायकली निघाल्या; शिरपूरच्या रस्त्यावरही एखादी दिसली असेल तुम्हाला.

खर्च परवडत नव्हता, हे मी मान्य करतो. पण ज्या जहाजानं एक मोठी लढाई मारली नाही ते जपलं जातं, आणि जिनं मारली ती तोडली जाते, हे पचत नाही.

थाळनेरच्या किल्ल्याचंही आता फारसं काही उरलेलं नाही. त्या परिसरातल्या कुणाच्या घरी १८१८ च्या त्या दिवसाबद्दल आजोबा-पणजोबांकडून ऐकलेलं काही असेल, तर खाली जरूर लिहा. कागद असेल तर फोटो टाका.