न उघडलेलं अंडं

हाताला कंप सुटल्यापासून माशांची विष्ठा चाळून डाफ्नियाची, म्हणजे पाणपिसवांची, खोगिरं उचलायचं काम मी विद्यार्थिनीकडे दिलं. सोबत माझी सुईही दिली, आणि ती देताना जीव तुटला.

वाईट दिवस आले की मादी पाठीवर हे काळं खोगीर धरते. आत बहुधा दोन अंडी. त्या काळेपणानेच ती माशाच्या नजरेत भरते. मासे अशा माद्या वेचून खातात आणि अंडी पोटातून जिवंत बाहेर येतात, हे संशोधक मेलर्स यांनी 1975 साली दाखवलं. मादी पचते, खोगीर राहतं. गप्पी माशाच्या विष्ठेची दोरी पाण्यात हलकेच सोडवली की कोंड्याच्या कणासारखं हाती लागतं. बदकाच्या पेट्यात मात्र खड्यांखाली बरीच भरडली जातात. वाचतात ती पुढच्या तळ्यात पडतात.

मला छळतो तो प्रश्न वेगळाच. पोटातून आलेलं अंडं उघडलं नाही, तर ते मेलं कशावरून?

मी नजरेने सांगायचो. टपोरं ते जिवंत, मळकट चेपलेलं ते गेलं. पंधरा दिवसांत उघडलं नाही की बेसिनमध्ये. ही नजर मी चारचौघांत फार मिरवली. गेल्या पावसाळ्यात मी बाद केलेली एक डिश त्या विद्यार्थिनीने फेकली नाही. सुकवली, थंड अंधारात ठेवली, जानेवारीत पुन्हा भिजवून खिडकीशी ठेवली. चौथ्या दिवशी हाक आली, "सर, बघा ना." खोगिराची दोन्ही पाखं उघडली होती आणि ठिपक्याएवढं पिल्लू झटके देत पोहत होतं.

आनंद नंतर झाला. आधी वह्या आठवल्या, 'पचनात मृत' हा रकाना आठवला. त्यातले आकडे छापूनही आलेत.

हल्ली अंडं सुईने दाबून निकाल देतात, नाहीतर थेट डीएनए काढतात. वाट बघायला कुणी शिकत नाही, याचा मला राग येतो. प्राणिशास्त्रज्ञ सार्स यांनी ऑस्ट्रेलियातून आलेला वाळका चिखल नॉर्वेत भिजवला, त्यातून निघालेले जीव वाढवले आणि 1885 साली त्यांतल्या नव्या जातीचं वर्णन छापलं. मी तर पंधरा दिवसही जेमतेम थांबायचो.

तिने रकान्याचं नाव बदललंय: 'अजून उघडलं नाही'. मी जुन्या वह्या काढून बसलोय. बेसिनमध्ये गेलेली कशी मोजू?