अवसेला पाहणारा

लोखंडी घमेलं पालथं पडावं आणि त्याला आपणहून चालता यावं, तसा तो पाण्यातून वाळूवर येतो. घमेल्याखाली पायांच्या जोड्या आहेत, पण त्या दिसत नाहीत. दिसते ती मागची लांब, ताठ, भाल्यासारखी शेपटी आणि पाठीवर वर्षानुवर्षं चिकटून वाढलेले शंखशिंपले. आकार घोड्याच्या नालेसारखा, म्हणून नाव पडलं हॉर्सशू क्रॅब. खेकड्यांशी मात्र याचं नातं लांबचं. खरं गणगोत कोळी आणि विंचवांचं. त्याच्या कुळातले सर्वांत जुने जीवाश्म सुमारे 44.5 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि अंगाची ठेवण तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

स्वभाव सबुरीचा. वयात यायला नऊ ते अकरा वर्षं लागतात, आणि तोवर सोळा-सतरा वेळा जुनं कवच टाकून नवं घ्यावं लागतं. नर मादीपेक्षा लहान असतो. शेवटची कात टाकली की त्याच्या पुढच्या पायांना मुठीसारखे फुगीर आकडे येतात. ते एकाच कामासाठी असतात : मादीचं कवच मागून धरायचं आणि तिच्यासोबत किनारा गाठायचा. अमेरिकेच्या डेलावेअर उपसागरात मे-जूनमध्ये, पुनव आणि अवसेच्या उधाणाला, अशा हजारो जोड्या वाळूवर चढतात. उधाण कधी येणार हे आपल्या दर्यावर्दीला सांगावं लागत नाही, तसं यालाही नाही. मादी ओल्या वाळूत खळगा करून एका वेळी सुमारे चार हजार अंडी घालते. उत्तरेकडे निघालेले रेड नॉट पक्षी त्या अंड्यांवर पोट भरतात आणि पुढचा प्रवास करतात.

लिनीयसने 1758मध्ये या प्राण्याला पॉलिफेमस म्हटलं. ग्रीक महाकाव्यातल्या, कपाळावर एकच डोळा असलेल्या राक्षसाचं ते नाव. मला तो अन्याय वाटतो, कारण इतका डोळस प्राणी शोधून सापडणार नाही. कवचाच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठा संयुक्त डोळा, प्रत्येकात सुमारे हजार भिंगं. कपाळावर जवळजवळ बसलेले दोन साधे डोळे, ज्यांना आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही जाणवतात. खाली तोंडापाशी आणखी डोळे. शेपटीलासुद्धा उजेड कळतो.

बाजूच्या त्या मोठ्या डोळ्यांनी माणसाला फार शिकवलं. शास्त्रज्ञ केफर हार्टलाइन 1926च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्सच्या वुड्स होल इथे या प्राण्याकडे वळले. डोळ्याच्या पेशी मोठ्या आणि मज्जातंतू लांब, त्यामुळे त्या तंतूतून एकच धागा वेगळा काढता येई. 1932मध्ये क्लॅरेन्स ग्रॅहॅम यांच्यासोबत त्यांनी अशा एका धाग्यातून मेंदूकडे जाणाऱ्या विजेच्या ठोक्यांची नोंद प्रसिद्ध केली. पुढे त्यांना दिसलं, की एका भिंगावर उजेड पडला की ते शेजारच्या भिंगांचा आवाज दाबतं. त्यामुळे उजेड आणि सावली जिथे भेटतात ती कडा ठळक होते. आपल्या डोळ्यांतही हेच चालतं. समोरच्या भिंतीपासून दाराची चौकट वेगळी दिसते, त्यात या दाबण्याचा मोठा हात आहे. हार्टलाइन यांना 1967चं नोबेल पारितोषिक मिळालं, जॉर्ज वाल्ड आणि रॅग्नार ग्रॅनिट यांच्यासह.

इतकं होऊनही एक साधा प्रश्न उरला होता : हा प्राणी या डोळ्यांनी पाहतो तरी काय? अन्न तो चिखलात चाचपून शोधतो. किनाऱ्यावर येतो तो बहुतेकदा रात्री. मग हजार भिंगांचा संसार कशासाठी?

हार्टलाइन यांच्या हाताखाली तयार झालेले रॉबर्ट बार्लो या प्रश्नाच्या मागे लागले. 1977मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की संध्याकाळ झाली की याचा मेंदू डोळ्यांकडे संदेश धाडू लागतो. त्यासरशी डोळ्याची आतली रचना पालटते, उजेड शिरायची वाट रुंदावते, आणि रात्री डोळ्याची संवेदनशीलता दहा लाख पटींपर्यंत वाढू शकते. प्राण्याला दिवसभर अंधारात ठेवलं तरी हे चक्र चालू राहतं, कारण घड्याळ त्याच्या मेंदूत आहे. आधीच्या बहुतेक प्रयोगांत डोळा कापून टेबलावर घेतलेला असे. मेंदूचा संदेश ज्या वाटेने यायचा, ती वाटच तुटलेली. प्रयोगशाळेतल्या त्या डोळ्याला कधी रात्र झालीच नव्हती.

मग बार्लो किनाऱ्यावर गेले. केप कॉडला त्यांनी सिमेंटचे साचे ओतले, काही मादीच्या कवचाचे आणि काही वेगळ्या आकारांचे. कुणाला काळा रंग दिला, कुणाला करडा, कुणाला पांढरा, आणि विणीच्या हंगामात उथळ पाण्यात ते मांडून ठेवले. नर आले. मादीसारख्या दिसणाऱ्या साच्यांकडे वळले आणि सिमेंटला मिठी मारून बसले. सर्वांत जास्त ओढ काळ्या साच्याची. फिक्या वाळूवर गडद मादी उठून दिसते, ती अशी. हे भर दिवसा झालं असतं तर फार नवल नव्हतं. काळोखातही ते जवळजवळ तितक्याच चांगल्या तऱ्हेने जमत होतं. 1982मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि त्या जुन्या प्रश्नाला उत्तर मिळालं. तो पाहत होता तिला.

मी जितक्या प्रयोगांबद्दल वाचलं आहे, त्यांत हा मला सर्वांत आवडतो. सिमेंट, रंग, भरतीचं वेळापत्रक आणि रात्रभर पाण्यात उभं राहायची तयारी, एवढ्यावर तो झाला. पुढे याच गटाने नराच्या कवचावर चिमुकला कॅमेरा बसवला आणि त्याने पाहिलेलं चित्र संगणकात घालून डोळा मेंदूला काय कळवतो याचं गणित मांडलं. उत्तर सरळ आलं. त्याच्याच आकाराची, त्याच्याच चालीने सरकणारी वस्तू दिसली, की डोळा सर्वांत मोठ्याने बोलतो.

नजर एकटी नाही, हेही नंतर कळलं. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर जेन ब्रॉकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिमेंटची प्रतिकृती मादी नुकतीच बसून गेलेल्या जागी ठेवली, तेव्हा तिच्याभोवती जास्त नर जमले. पाण्यातला तिचा मागही त्यांना कळतो.

याच्या निळ्या रक्ताबद्दल थोडक्यात सांगतो. लस किंवा सलाइनमध्ये जिवाणूंचं विष राहिलं असेल, तर हे रक्त लगेच गोठतं. जिवाणूंमुळे ते गोठतं हे फ्रेडरिक बँग यांनी 1956मध्ये नोंदवलं, आणि आज त्या चाचणीसाठी दरवर्षी लाखो प्राणी पकडून, रक्त काढून परत सोडले जातात; त्यांतले काही दगावतात. सिंगापूरच्या जीक लिंग डिंग आणि बो हो यांनी या रक्तातला, ते विष ओळखणारा घटक प्रयोगशाळेत बनवून दाखवला आहे. पर्याय हाताशी असताना त्याचं रक्त काढत राहणं मला पटत नाही.

जगात याच्या चार जाती उरल्या आहेत, त्यांतल्या दोन भारतात. ओडिशाच्या बालेश्वर किनाऱ्यावर त्यांतली एक अंडी घालायला येते, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून डॉ. अनिल चॅटर्जी यांनी त्यांचा दीर्घ अभ्यास केला. 2009पासून त्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

न्यू जर्सीत आपली मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि डेलावेअर उपसागर तिथून गाडीच्या अंतरावर आहे. मे-जूनमध्ये पुनवेला किंवा अवसेला मुलांना घेऊन जा. पक्ष्यांसाठी बंद ठेवलेल्या किनाऱ्यांवर पाऊल टाकू नका. लाटेने उलटलेला, पाय हलवत पडलेला एखादा दिसेल; सकाळचं ऊन त्याचे कल्ले सुकवतं आणि सीगल त्यांवर तुटून पडतात. त्याला शेपटीला धरून उचलू नका, ती दुखावली तर पुन्हा उलटल्यावर त्याला सावरता येणार नाही. कवचाच्या दोन्ही कडा धरा आणि हलकेच सुलटा करा. तो चावत नाही, डंख मारत नाही.