पंखा बंद करू नका

वरसावे,
सोमवार, 9 ऑगस्ट 2021

ती. स्व. अण्णांस सा. न. वि. वि.

पाकीट बघून काकू म्हणतील, याचा फोन मोडला की काय? फोन ठणठणीत आहे. त्याच्यावर रुसूनच हे लिहायला बसलोय. गुरुवारी रात्री आपण दोघांनी जो घोळ घातला तो तुम्ही विसरला असाल तर उत्तम, मी मात्र चार दिवस तोच चघळतोय.

तुम्ही तिकडे बेळगावात ऑर्गनवर, मी इथे तबल्यावर, मध्ये व्हिडिओ कॉल. साधा त्रिताल, मध्यलय. पहिलं आवर्तन निभावलं. दुसऱ्यात तुमच्या कपाळाला आठी, तिसऱ्यात डोळे वटारलेले, चौथ्यात हात उचलून तुम्ही म्हणालात, "मागे पडतोयस." मी म्हटलं, "अण्णा, मागे तुम्ही पडताय." इतक्या वर्षांच्या साथीत समेवरून आपलं कधी वाजलं नव्हतं, ते त्या रात्री वाजलं. गंमत अशी, की दोघंही खरंच बोलत होतो. माझा 'धा' इथून निघून तुमच्या कानी पडेपर्यंत सेकंदाचा पाव भाग गेला असं धरा. तुम्ही तो ऐकून सूर दाबला. तो परत माझ्याकडे यायला आणखी पाव. म्हणजे माझ्या समेला तुमचा सूर अर्धा सेकंद उशिरा. मी वाट बघत थांबणार, माझं थांबणं ऐकून तुम्ही थांबणार. सहा आवर्तनांत मध्यलयीची विलंबित झाली आणि काकूंनी आतून विचारलं, "झोपलात का रे दोघं?"

मी बसून हिशेब केला. हवेतून आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. संगीत नाटकाच्या पिटात आपल्या दोघांत तीस फूट अंतर असलं, तरी सेकंदाच्या पस्तिसाव्या भागात काम होतं, कानाला कळतही नाही. पाव सेकंद म्हणजे 85 मीटर. म्हणजे तुम्ही गडकरी रंगायतनच्या पिटात आणि मी बाहेर तलावपाळीवर भेळवाल्याशेजारी तबला मांडून बसलेला. अशी साथ कोणाच्या बापाला जमणार?

बोलायच्या नाटकाचं त्या मानाने भागतं. गेल्या वर्षी जुलैत हृषीकेश जोशींनी 'मोगरा' केलं, अभिनेत्री आपापल्या घरून, प्रयोग थेट ऑनलाइन, नाव ठेवलं 'नेटक'. धाडस होतं, मला मनापासून आवडलं. संवादात क्षणभर खंड पडला तर प्रेक्षक त्याला अभिनय समजतो. तालात पडला तर समजतो चूक. पण त्या पोरींना हशा ऐकू येत नव्हता, आणि हशा किती वेळ पिकू द्यायचा, टाळी कुठे तोडायची, हे निम्मं नाटक असतं, ते तुम्हाला मी काय सांगायचं.

दुसरी तक्रार याहून मोठी. माझा ऑनलाइन क्लास तुम्हाला माहीत आहे. परवा एक मुलगी म्हणते, "सर, तानपुरा लावा ना." अगं, लावलाय! तानपुऱ्याचं यंत्र मांडीजवळ, आवाज पूर्ण मोठा. तिला काहीच ऐकू जाईना. मग एका रेकॉर्डिस्ट मित्राने उलगडा केला. ही ॲपं माणसाचं बोलणं ठेवतात आणि मागे सतत चालणारा आवाज गोंगाट समजून पुसून टाकतात. पंखा, एसी, मिक्सर आणि तानपुरा, सगळे त्यांच्या लेखी सारखेच. डग्ग्याचीही तीच गत: चाटेचा 'ना' खणखणीत पोचतो आणि डग्ग्याची आस मध्येच कापलेली. कुठल्याशा सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं म्हणे. मी केलं. पण दीड वर्ष माझी पोरं सुराच्या आधाराशिवाय शिकत होती आणि मला पत्ता नव्हता, याची चुटपुट लागून राहिली आहे.

पत्ता का नव्हता? कारण मी ऐकवत होतो, ऐकत नव्हतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये लॉकडाऊनने दारं बंद झाल्यावर आपण सगळ्यांनी काय केलं, बघा. आठवड्याच्या आत जो तो मोबाइल उभा करून त्याच्यासमोर बसला. रोज एक पद, रोज एक लग्गी, खाली अंगठे. मीही बसलो, कुर्ता इस्त्री करून. एकूण एक माणूस वाजवतोय, ऐकतोय कोण? दुसऱ्याचं जेमतेम बारा सेकंद बघायचं, वा वा लिहायचं, आपलं टाकायचं.

त्याच दिवसांत मे महिन्यात एका रात्री मात्र खरंच ऐकलं. तुम्ही माझं घर पाहिलंय, अहमदाबाद हायवेपासून हाकेच्या अंतरावर. इथे रात्रंदिवस ट्रकांची घरघर, आणि मी इतकी वर्षं तिच्यातच तबला लावत आलेला. ती थांबली तेव्हा पहिल्यांदा कळलं की खाडीवरून वारा येतो त्यालाही आवाज असतो. दोन वाजता जाग आली. रस्त्यावरून चपला घासल्याचा आवाज. पाच मिनिटं, दहा मिनिटं, संपेचना. खिडकीशी गेलो तर डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं फाउंटन हॉटेलकडून खाडीवरच्या पुलाच्या दिशेने चाललेली, पुढे गुजरात, कुणी राजस्थान. कोणी बोलत नव्हतं. एकाची चाल दुसऱ्याच्या चालीशी जुळत नव्हती, एक पोर मध्येच पळत होतं, एक चप्पल बहुधा तुटलेली, तिचा फटका दर दुसऱ्या पावलाला. ही घरातलं बिस्किटांचं खोकं घेऊन खाली गेली. मी तिच्यामागून पाण्याच्या बाटल्या घेऊन. त्यावर मी काही 'रचलं' नाही, रचणारही नाही. पण तो आवाज कानातून गेलेला नाही.

मग तुम्ही नेहमी सांगता ते कुमार गंधर्वांचं आठवलं. तुमच्या सुळेभावीचं पोर, देवधर मास्तरांकडे मुंबईत शिकलं, तेविसाव्या वर्षी क्षय घेऊन 1948 च्या जानेवारीत देवासला जाऊन पडलं. गायची बंदी. पाच-सहा वर्षं. तुम्ही ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगायचात. एकाच फुप्फुसावर पुन्हा उभे राहिले, लहान लहान झपाट्यांत सूर फेकायला लागले, वगैरे. मला आता ती कानाची गोष्ट वाटते. गाता येत नाही म्हटल्यावर त्या माणसाने खाटेवरून माळव्यातल्या बायकांची, फिरत्या गाणाऱ्यांची गाणी ऐकली. आणि त्या धुनांतून पुढे स्वतःचे राग काढले. गळा बंद होता, दुकान चालू होतं.

पण अण्णा, या गोष्टीतली एक बाई आपण नेहमी गाळतो. भानुमतीबाई. त्याही देवधरांच्याच शिष्या. देवासला त्या शाळेत शिकवत होत्या, घर चालवत होत्या, पथ्यपाणी बघत होत्या. घरात कोंडून घेतलं की कला बहरते, असं म्हणणारे लेख गेल्या वर्षभरात फार वाचले. त्यांना विचारावंसं वाटतं, भाडं कोण भरत होतं? माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. हिची बँकेतली नोकरी. मी खिडकीशी बसून वाऱ्याचा आवाज ऐकत होतो तेव्हा ही मास्क लावून काउंटरवर बसत होती.

ज्यांच्या घरी असा पगार नाही त्यांचं काय झालं ते नारायणगावला विचारा. तमाशाचा हंगाम दसऱ्यापासून, पण खरी कमाई चैत्रातल्या जत्रांची, आणि त्या सुपाऱ्या फुटायच्या पाडव्याच्या आसपास. गेल्या वर्षी पाडवा 25 मार्चला, देश बंद झाला तो नेमका त्याच दिवशी. यंदा पाडवा 13 एप्रिलला, आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपासून पुन्हा कडक निर्बंध. दोन पाडवे लागोपाठ. तिथल्या ढोलकीवाल्याला मी ऐकण्याचं महत्त्व सांगायला गेलो तर तो ढोलकी माझ्याच डोक्यात घालेल, आणि बरोबर करेल.

आपल्याकडे तरी काय. शंभरावं नाट्यसंमेलन लांबलं ते लांबलंच. नोव्हेंबरात अर्ध्या खुर्च्यांवर नाट्यगृहं उघडली, डिसेंबरात प्रशांत दामल्यांनी 'एका लग्नाची पुढची गोष्ट' लावलं, वाटलं सुटलो. एप्रिलात पुन्हा कुलूप. मालिकांची युनिटं गोव्याकडे वगैरे गेली, इथल्या घोडबंदर रोडवरच्या स्टुडिओंत शुकशुकाट. तुम्हाला 'या आता इकडे' म्हणायची मला हिंमत होत नाही. आशालताबाई गेल्या सप्टेंबरात साताऱ्याला चित्रीकरणात आजारी पडल्या आणि गेल्या. 'मत्स्यगंधा'तल्या आशालताबाई. तुम्ही त्या दिवशी फोनवर नुसतं "हं" म्हणून गप्प झालात, तेही ऐकू आलं होतं.

तर आता कामाचं. एकत्र वाजवायचा हट्ट सोडू. तुमच्या नातवाला सांगून तुम्ही दर सोमवारी एक चाल रेकॉर्ड करून पाठवायची. कॉल नाही, फोनवरचं साधं रेकॉर्डिंग. कुठलीही चालेल, पण पूर्ण, अंतऱ्यासकट. मी ती आठवडाभर नुसती ऐकणार, तबल्याला हात लावणार नाही. तसाही या पावसात तबला चढत नाही, पेटीत बल्ब लावून ठेवलाय. पुढच्या रविवारी एकदाच साथ वाजवून तुम्हाला परत पाठवीन. त्यात तुम्ही मला ऐकून वाजवलेलं नसणार, हे लंगडं आहे, मान्य. म्हणून एका आठवड्याआड उलटं करू. मी नुसता ठेका पाठवीन, तुम्ही त्यावर सूर भरायचे. एकदा तुम्ही आंधळे, एकदा मी.

ऑर्गनच्या भात्याला डाव्या बाजूने हवा जातेय, गुरुवारी आवाज आला मला. चामडं बघून घ्या, कसर लागली असेल.

आणि रेकॉर्ड करताना तुमच्या सवयीने दारंखिडक्या लावून, सगळ्यांना दटावून बसू नका. पंखा चालू राहू द्या. पाऊस असला तर कौलांवरचा येऊ द्या. काकूंना म्हणावं, कुकर खुशाल लावा, शिट्ट्या मी मोजून घेईन.

तुमचा,
तबलजी