डिसेंबरचा फराळ

आखाताच्या हवेत बटर वर्षातले मोजके महिनेच सुखात असतं. ऑगस्टमध्ये दुबईचा पारा ४० अंशांच्या वर असतो आणि फ्रिजमधून काढलेली वडी साखर मोजेपर्यंत पाझरू लागते. दिवाळीच्या आसपास, ऑक्टोबरातसुद्धा, दुपार ३५ अंशांची असते. मग डिसेंबर येतो. दुपारी २५-२६, पहाटे १५-१६ अंश. एसी बंद होतात, बाल्कनीची दारं उघडतात. ओट्यावर ठेवलेल्या बटरवर बोट दाबलं तर खळी पडते, पण वडी वडीच राहते. स्प्रिट्झ कुकीला नेमकं एवढंच हवं असतं.

ही कुकी मूळची उत्तर युरोपातली. जर्मनी, स्वीडन, नॉर्वे इथे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत ती घरोघरी होते. बटर, साखर, अंडं, मैदा, चिमूटभर मीठ, एवढंच सामान. पीठ नळकांड्यात भरायचं, टोकाला नक्षीची चकती लावायची, वरून दट्ट्या दाबायचा. मराठी घरातल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. कुकी प्रेसचा डबा उघडला की फूल, झाड, चांदणी अशा चकत्या निघतात, आणि त्यातली चांदणी आपण आजीच्या पितळी सोऱ्यात पाहिलेली असते. जर्मनीत तर काही घरांत खिम्याच्या यंत्राला नक्षीची पट्टी लावून याच पिठाच्या लांब कांड्या पाडतात. एकमेकांना कधी न भेटलेल्या स्वयंपाकघरांना एकच गोष्ट कळली होती: पिठाला काटे काढले की टोकं आधी खरपूस होतात आणि घास खुसखुशीत होतो. दोन्हींनी ती सणासाठी राखून ठेवावी, याचं मला दर वर्षी नव्याने अप्रूप वाटतं.

चकलीचं सगळं शहाणपण मोहनात असतं. मोहन कमी पडलं तर चकली कडक होते, जास्त झालं तर तेलात विरघळते. स्प्रिट्झमध्ये बटर हेच मोहन. ते मैद्याच्या कणांना वेढून घेतं, मैद्यात चिवटपणा येऊ देत नाही, म्हणून कुकी जिभेवर विरते. २२५ ग्रॅम बटर आणि १२५ ग्रॅम साखर फिकट होईपर्यंत फेटायची, एक अंडं आणि मीठ घालायचं, मग २८० ग्रॅम मैदा हलक्या हाताने मिसळायचा. इथे मळायचं नसतं. भाजणी मळून मळून मऊ करणाऱ्या हाताला एवढं एकच नव्याने शिकावं लागतं. पीठ फ्रिजमध्ये ठेवलं तर प्रेसमधून उतरत नाही, उबेला राहिलं तर नक्षी पसरते. ट्रेला तूप लावायचं नाही, कागदही घालायचा नाही, कारण थंड, कोरड्या पत्र्याला पीठ चिकटलं तरच प्रेस उचलताना कुकी खाली सुटते. प्रेस उभा टेकवायचा, एकदा दाबायचा, सरळ वर उचलायचा. १८० अंशांवर ८ ते १० मिनिटं. कडांवर सोनेरी झाक आली आणि मध्ये अजून पांढुरकं असलं की बाहेर काढायचं. अंडं न खाणाऱ्या घरात त्याच्या जागी थोडं दूध चालतं. मी वेलची घालते. वेलचीने ही कुकी आपली होते, पण तिच्या मूळ मुलखाला परकी होत नाही, कारण स्वीडनच्या भट्ट्यांत वेलची जुनीच आहे, आणि इथल्या अरबी कहव्यातही तिचाच वास असतो.

ओव्हनशी मात्र आपली घरगुती ओळख फार जुनी नाही. नानकटाईसाठी मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत न्यायची, तिथे पीठ तयार व्हायचं, पत्र्यांवर गोळे मांडले जायचे आणि संध्याकाळी भरलेला डबा घरी यायचा. सुट्टीतली ती मोठी मोहीम असे. भट्टी सगळ्या गल्लीची होती. दुबई-शारजातल्या फ्लॅटमध्ये बहुधा शेगडीच्या पोटातच ओव्हन येतो, आणि कितीतरी मराठी घरांत तो कढया-परातींनी भरलेला असतो. डिसेंबरात त्या बाहेर निघतात आणि ओव्हन आपलं मूळ काम करू लागतो.

आणि सवड? दिवाळीला इथे सरकारी सुट्टी नसते. सामानाची वाण नाही. महादेव दातार यांनी १९८४ मध्ये दुबईत सुरू केलेल्या किराणा दुकानातून पुढे धनंजय दातार यांनी ‘अल आदिल’ हा मोठा व्यवसाय उभारला, आणि आपल्याकडचे मसाले, पिठं, लोणची आज सहज हाताशी येतात. पण वेळ दुकानात मिळत नाही. चकल्या ऑफिसातून आल्यावर रात्री तळल्या जातात आणि तोवर मुलं झोपलेली असतात. सकाळी त्यांना दिसतो तो भरलेला डबा. २ डिसेंबर १९७१ ला अमिरातींचं संघराज्य स्थापन झालं, त्याची सुट्टी २ आणि ३ डिसेंबरला असते. पुढे शाळांची हिवाळी सुट्टी लागते. पीठ मऊ असताना, हात बरबटलेले असताना, पहिल्या वाकड्या कुकीवर खलबतं चालू असताना मुलं ओट्याशी असतात, ती या दिवसांत.

मग ताटं फिरतात. ऊद मेथातल्या, १९६७ मध्ये सुरू झालेल्या सेंट मेरीज चर्चला जाणाऱ्या गोव्याच्या आणि मंगळुरूच्या शेजारणींकडून नाताळचा कुस्वार येतो: नेवऱ्या, कुलकुल, दोदोल. नेवरी उचलली की करंजीच हातात येते. केरळच्या घरातून प्लम केक येतो. सीरियन किंवा लेबनीज शेजार असेल तर ईदला खजूर भरलेला मामूल आणि घुरैबा आलेला असतोच, आणि घुरैब्यात तूप, पिठीसाखर, मैदा, म्हणजे नानकटाईचंच सामान. आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, ही आईची शिकवण या देशात कोणालाच समजावावी लागत नाही. दिवाळीत आपल्या घरून चकली गेली होती, आता स्प्रिट्झ जाते.

इथलं वास्तव्य बहुतेकांचं नोकरीशी बांधलेलं असतं. व्हिसाला मुदत असते, घर भाड्याचं असतं, आणि शाळेतली जिवाभावाची मैत्रीण पुढच्या वर्षी दुसऱ्या देशात असू शकते. अशा ठिकाणी सण विकत घेणं सोपं आहे. डेन्मार्कच्या बटर कुकीजचे निळे डबे प्रत्येक सुपरमार्केटमध्ये रचलेले असतात. मी घरी करते, कारण डब्यातून मुलांना फक्त चव मिळते, हात मिळत नाही. सणाची तिथी आपण वारशाने घेतो, पण त्याची सवड आपण राहतो तो देश देतो. जिथे सवड आहे तिथे फराळ न्यावा, त्याने दिवाळी उणी होत नाही. पुढच्या दिवाळीत सोऱ्या धरायला हट्ट करणारी मुलं डिसेंबरच्या प्रेसवरच तयार झालेली असतात. पुढे ती पुण्यात असतील, टोरंटोत असतील, की इथेच, आणि त्यांच्या हातात सोऱ्या असेल की प्रेस, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण पीठ किती सैल हवं, दाब कधी थांबवायचा आणि पहिला घाणा कोणाच्या घरी पाठवायचा, हे त्यांना कोणाला विचारावं लागणार नाही.