कांजिण्या उतरतात, विषाणू राहतो

चि. सोनूस,


कांजिण्या हा व्हॅरिसेला-झोस्टर या विषाणूमुळे होणारा आजार आहे. हा विषाणू हर्पीस कुळातला. या कुळातले विषाणू एकदा शरीरात शिरले की पुन्हा पूर्णपणे बाहेर जात नाहीत. अंगावरचे फोड आठवडाभरात वाळतात, खपल्या गळतात, मूल खेळायला लागते आणि घरातली माणसे तो आजार विसरून जातात. विषाणू मात्र मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या पेशींत निपचित पडून राहतो, कधी कधी पन्नास-साठ वर्षेसुद्धा. उतारवयात होणारी नागीण म्हणजे त्याच विषाणूने पुन्हा डोके वर काढणे. नातवंडाच्या कांजिण्या आणि आजोबांची नागीण यांचे मूळ एकच आहे, हे सिद्ध व्हायला विसावे शतक निम्म्याहून अधिक उलटावे लागले. मुलांना लस कशासाठी, मोठ्यांना कशासाठी आणि घरात कोणी कोणापासून जपायचे, या प्रश्नांची उत्तरे या एकाच गोष्टीत आहेत.

हे नाते उलगडण्याआधी कांजिण्या देवीपेक्षा वेगळ्या म्हणून ओळखल्या जाणे आवश्यक होते. अंगावर फोड, ताप आणि नंतर उरणारे वण यांमुळे कांजिण्या म्हणजे देवीचेच सौम्य रूप, असा समज अनेक शतके होता. १७६७ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी हे दोन निराळे आजार असल्याचे स्पष्ट मांडले. देवीचे फोड खोल, टणक आणि सगळे एकाच अवस्थेत असत, शिवाय चेहरा व हातापायांवर दाट असत. कांजिण्यांचे फोड वरवरचे, पाण्याने भरलेले असतात आणि छाती-पोट-पाठीवर अधिक येतात. ते टप्प्याटप्प्याने उठतात, त्यामुळे लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि वाळलेली खपली हे तिन्ही एकाच वेळी शेजारी शेजारी दिसतात. भारतात देवीनिर्मूलनाची मोहीम शेवटच्या टप्प्यात असताना हाच फरक पाहून कांजिण्यांचे रुग्ण बाजूला काढले जात. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. जुन्या पिढीच्या दंडावर देवी काढल्याचा वण दिसतो. त्या लशीने देवीपासून संरक्षण मिळाले, कांजिण्यांपासून नाही. हे दोन विषाणू पूर्णपणे वेगळ्या कुळांतले आहेत.

कांजिण्या अतिशय वेगाने पसरतात. रुग्णाच्या श्वासातून, खोकल्या-शिंकेतून आणि फोडांतल्या पाण्यातून विषाणू बाहेर पडतो आणि एकाच खोलीतल्या हवेतूनही दुसऱ्यापर्यंत पोहोचतो. ज्याला पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत आणि ज्याने लसही घेतलेली नाही, अशी व्यक्ती रुग्णासोबत एका घरात राहत असेल, तर तिला लागण होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत १० ते २१ दिवस जातात, बहुतेकदा दोन आठवडे. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच ते मूल इतरांना आजार देऊ लागते आणि सगळे फोड वाळून खपली धरेपर्यंत देत राहते. म्हणून पुरळ दिसल्यावर मुलाला वेगळे ठेवले तरी वर्गातल्या किंवा घरातल्या काहींना तोवर लागण झालेलीच असते. खपल्या मात्र निरुपद्रवी असतात. सगळे फोड वाळले आणि नवा फोड उठला नाही, की मूल शाळेत जायला मोकळे. आपल्याकडे थंडी सरून ऊन तापू लागते, त्या दिवसांत ही साथ अधिक दिसते.

लहान मुलांत आजाराची सुरुवात बहुधा थेट पुरळानेच होते. मोठ्यांत त्याआधी एक-दोन दिवस ताप, अंगदुखी आणि थकवा असतो. निरोगी मुलाच्या अंगावर साधारण २५० ते ५०० फोड उठतात. ते डोक्याच्या केसांत, तोंडाच्या आत आणि कधी डोळ्यांच्या पापण्यांवरही येतात. घरात पहिल्या मुलानंतर आजारी पडणाऱ्या भावंडाला अनेकदा अधिक त्रास होतो, कारण दिवसरात्रीच्या सहवासात त्याच्या शरीरात विषाणू मोठ्या प्रमाणात शिरलेला असतो.

निरोगी मुलाच्या बाबतीत उपचार म्हणजे मुख्यतः खाज आणि ताप कमी करणे. कॅलामाइन लोशन, सैल सुती कपडे, भरपूर पाणी आणि पातळ आहार, तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल एवढे बहुतेकांना पुरते. नखे अगदी बारीक कापावीत. ॲस्पिरिन मुळीच देऊ नये, कारण कांजिण्यांत ॲस्पिरिन दिल्याने मुलांना रे सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूवर आघात करणारा जीवघेणा विकार होऊ शकतो. आयबुप्रोफेनही टाळलेले बरे, कारण त्याचा संबंध त्वचेच्या गंभीर संसर्गाशी आढळला आहे. ॲसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून २४ तासांच्या आत सुरू केले तर सर्वाधिक उपयोगी पडते. ते कोणाला द्यायचे, हे डॉक्टर ठरवतात. किशोरवयीन, प्रौढ आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी ते विशेष महत्त्वाचे.

महाराष्ट्रातल्या घरांत कांजिण्या आल्या की कडुलिंबाचा पाला अंथरायचा, घरात फोडणी द्यायची नाही, पाहुण्यांना येऊ द्यायचे नाही आणि फोड सुकेपर्यंत आंघोळ घालायची नाही, अशी रीत होती. यातले रुग्णाला वेगळे ठेवणे शहाणपणाचेच होते. कडुलिंबाने आजाराचे दिवस कमी होतात असे सिद्ध झालेले नाही, पण स्वच्छ पाला जवळ ठेवण्यात अपायही नाही. आंघोळ बंद ठेवणे मात्र चुकीचे आहे. घाम आणि मळ साचला की खाज वाढते, आणि खाजवलेल्या फोडांत जिवाणू शिरतात. कोमट पाण्याने हलकी आंघोळ घालून अंग न घासता टिपून घेणे उत्तम.

कांजिण्यांना साधा आजार म्हणतात, पण तो सर्वांसाठी साधा नाही. मुलांत सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत म्हणजे फोडांत होणारा जिवाणूंचा संसर्ग. तो खोल गेला तर रुग्णालयात दाखल करावे लागते. क्वचित मेंदूला सूज येते, किंवा लहान मेंदूवर परिणाम होऊन मुलाचा तोल जातो. प्रौढांत न्यूमोनियाचा धोका मुलांपेक्षा बराच जास्त असतो. गरोदरपणाच्या पहिल्या २० आठवड्यांत कांजिण्या झाल्या, तर सुमारे एक ते दोन टक्के गर्भांत हात-पाय, डोळे किंवा मेंदूची वाढ बिघडू शकते. बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईच्या अंगावर पुरळ उठले, तर नवजात बाळाला गंभीर आजार होण्याची भीती असते, कारण आईच्या प्रतिपिंडांचे कवच मिळण्याआधीच विषाणू त्याच्यापर्यंत पोहोचतो. ज्या गरोदर बाईला पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत, ती रुग्णाच्या सहवासात आली तर तिने पुरळाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलले पाहिजे. दम लागणे, सतत उलट्या, गुंगी, मान आखडणे, तोल जाणे, फोडांभोवती लाल, गरम, दुखरी सूज येणे, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत.

कांजिण्यांचे मागे राहणारे परिणाम दोन प्रकारचे. पहिला डोळ्यांना दिसणारा, म्हणजे वण. बहुतेक फोड वरवरचे असल्याने डाग काही महिन्यांत फिके होतात. जो फोड खाजवला गेला, पिकला किंवा ज्याची खपली ओढून काढली, तिथे खळगा कायम राहतो. दुसरा परिणाम दिसत नाही. पुरळाच्या काळात विषाणू संवेदी मज्जातंतूंमधून पाठीच्या कण्यालगतच्या आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठींपर्यंत पोहोचतो आणि तिथेच ठाण मांडतो. एकदा कांजिण्या झाल्यावर शरीर तो विषाणू ओळखायला शिकते, म्हणून दुसऱ्यांदा कांजिण्या होणे दुर्मीळ. पण हीच प्रतिकारशक्ती वयाने, आजाराने किंवा औषधांनी मंदावली, की आतला विषाणू जागा होतो आणि मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा त्वचेवर येतो.

हे उलगडण्यात सर्वांत मोठा वाटा एका साध्या फॅमिली डॉक्टरचा आहे. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ बोकाय यांच्या लक्षात आले होते, की घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी मुलांना कांजिण्या होतात. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेत थॉमस वेलर यांनी दोन्ही आजारांतले विषाणू प्रयोगशाळेत वाढवले आणि ते सारखेच असल्याचे दाखवले. पण नागीण बाहेरून लागते की आतून उठते, हा प्रश्न उरला होता. इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर या गावात दवाखाना चालवणारे फॅमिली डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांत आपल्याकडे आलेल्या नागिणीच्या १९२ रुग्णांची नोंद ठेवली. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटसमूहातल्या येल या एकाकी बेटावर जाऊनही त्यांनी या आजाराचा माग काढला. कांजिण्यांना हंगाम असतो, नागिणीला नसतो. कांजिण्यांची साथ आली म्हणून नागिणीचे रुग्ण वाढत नाहीत, वय वाढेल तसे मात्र वाढतात. यावरून १९६५ मध्ये त्यांनी मांडले, की नागीण ही नवी लागण नाही, तर बालपणीच्या विषाणूचे पुन्हा जागे होणे आहे. १९८०च्या दशकात विषाणूच्या डीएनएची तपासणी शक्य झाली आणि हे मत खरे ठरले. छोट्या, एकाकी वस्तीतही कांजिण्या का नाहीशा होत नाहीत, याचे उत्तरही त्यातच आहे. गोवराला टिकून राहायला लाखोंची लोकसंख्या लागते. कांजिण्यांचा विषाणू मात्र एका पिढीच्या शरीरात दडून पुढच्या पिढीची वाट पाहू शकतो.

नागिणीत आधी काही दिवस शरीराच्या एका बाजूला आग, ठणका किंवा मुंग्या येतात आणि मग त्याच पट्ट्यात फोडांचे घोस उठतात. नागिणीचा विळखा पुरा झाला, तोंड-शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत आजही अनेक घरांत ऐकू येते आणि रुग्णाला नाहक घाबरवते. नागीण बहुधा एकाच मज्जातंतूच्या वाट्याच्या कातडीवर उठते. तो पट्टा पाठीच्या कण्यापासून छाती-पोटाच्या मध्यरेषेपर्यंतच असतो, म्हणून विळखा पुरा होत नाही. पुरळ दोन्ही बाजूंना किंवा अंगभर पसरले, तर ते प्रतिकारशक्ती खालावल्याचे लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार असतात. खरा धोका वेगळा आहे. कपाळ, नाक आणि डोळ्याभोवती नागीण उठली तर दृष्टीला इजा होऊ शकते. आणि फोड गेल्यावरही तीन महिन्यांहून अधिक काळ, कधी वर्षानुवर्षे, त्या जागी असह्य वेदना राहू शकतात. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झाले तर आजार लवकर आटोक्यात येतो, म्हणून मंत्र-लेप करत दिवस घालवणे महागात पडते. नागिणीच्या रुग्णापासून दुसऱ्याला नागीण होत नाही. फोडांतल्या पाण्याच्या संपर्काने, ज्याला प्रतिकारशक्ती नाही त्याला कांजिण्या होऊ शकतात, एवढेच. फोड झाकून ठेवले की तो धोका बराच घटतो.

कांजिण्यांची लस जपानमध्ये जन्मली. ओसाका विद्यापीठाचे मिचिआकी ताकाहाशी १९६४ मध्ये अमेरिकेत संशोधन करत असताना त्यांच्या लहान मुलाला तीव्र कांजिण्या झाल्या. त्या रात्रींच्या काळजीतून त्यांनी लस बनवण्याचे ठरवले. जपानमधल्या ओका आडनावाच्या एका मुलाच्या फोडांतून मिळवलेला विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवून त्यांनी तो क्षीण केला आणि १९७४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या बहुतेक लशी याच ओका वाणाच्या आहेत. अमेरिकेने १९९५ मध्ये लस सुरू केली. त्याआधी तिथे वर्षाला सुमारे ४० लाख जणांना कांजिण्या होत आणि शंभर ते दीडशे माणसे दगावत. २००६ पासून तिथे १२ ते १५ महिन्यांच्या वयात एक आणि ४ ते ६ वर्षांच्या वयात दुसरा, असे दोन डोस दिले जातात. तिथल्या बहुतेक राज्यांत शाळाप्रवेशाच्या वेळी त्याचा दाखला मागतात. ब्रिटन बराच काळ थांबला. मुलांच्या कांजिण्या संपल्या तर मोठ्यांच्या प्रतिकारशक्तीला अधूनमधून मिळणारी उजळणी थांबेल आणि नागीण वाढेल, अशी तिथे भीती होती. अमेरिकेच्या अनुभवात ती खरी ठरली नाही, आणि जानेवारी २०२६ पासून ब्रिटनच्या नियमित लसीकरणातही ही लस आली. भारतात ती सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणात नाही. बालरोगतज्ज्ञ तिचे दोन डोस सुचवतात, पण ते खासगीरीत्या, पैसे मोजून घ्यावे लागतात.

लस घेतलेल्याला क्वचित कांजिण्या झाल्या तरी त्या सौम्य असतात आणि फोड बहुधा पन्नासाहून कमी उठतात. लशीतला विषाणूही शरीरात राहू शकतो, पण लस घेतलेल्या मुलांत नागीण बरीच कमी आढळते. लस जिवंत विषाणूची असल्याने गरोदरपणात आणि प्रतिकारशक्ती फार कमी असताना देत नाहीत. रुग्णाशी संपर्क आल्यावर तीन ते पाच दिवसांत घेतली, तरी ती आजार टाळू शकते.

परदेशी गेलेल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. उष्ण देशांत कांजिण्या थंड देशांच्या तुलनेत मोठ्या वयात होतात. त्यामुळे भारतातून गेलेल्या अनेक तरुणांना त्या कधी झालेल्याच नसतात, आणि मोठ्या वयात झाल्या तर त्रास अधिक होतो. पूर्वी झाल्याची नोंद किंवा खात्रीची आठवण नसेल, तर रक्ततपासणीने प्रतिपिंडे आहेत की नाहीत ते कळते. नसतील तर चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घ्यावेत. मूल हवे असलेल्या बाईने ते आधीच घ्यावेत आणि नंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी.

पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी नागिणीची वेगळी लस आहे. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, फक्त त्याचे एक प्रथिन असते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस घेतले, तर तिचा परिणाम ९० टक्क्यांहून अधिक आढळला आहे. अमेरिकेत ती २०१७ पासून आणि भारतात २०२३ पासून मिळते. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या की नाही, हे आठवत नसले तरी ती घेता येते. नागीण होऊन गेलेल्यांनीही पुरळ पूर्ण बरे झाल्यावर ती घ्यावी. मुलाचे दोन डोस, तरुण आईबापांची तपासणी आणि आजी-आजोबांची लस, या तिन्हींचा विचार एकत्र केला, तर एकाच विषाणूपासून घरातल्या तिन्ही पिढ्यांचे रक्षण होते.

तुझी,
आत्या