शेंगांच्या मुलखात

हुबळीच्या दुर्गदबैलात सायंकाळी हिंडताना, किंवा धारवाडच्या बाजारातून जाताना, परगावच्या माणसास पदोपदी आतिथ्य भेटते. उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने येथे रुजविलेला धारवाडी पेढा सर्वश्रुत आहेच. परंतु या मुलखाचे खरे अन्न म्हणजे जोंधळ्याची भाकरी आणि शेंगांची चटणी. येथील कानडीतही शेंगांना 'शेंगा'च म्हणतात. दोन भाषांच्या शेजारधर्माचा याहून रुचकर पुरावा मला ठाऊक नाही.

आमच्या नात्यातील एका सात वर्षांच्या मुलास मात्र हीच शेंग वर्ज्य आहे. दोन वर्षांचा असताना दाण्याच्या लाडवाचा एक घास पोटात गेला आणि अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला. दवाखान्यात वेळेवर अ‍ॅड्रिनॅलिनची सुई मिळाली म्हणून तो वाचला. अशा मुलाचे शरीर दाण्यातील प्रथिनास विषवत मानते, आणि भाजल्याने वा तळल्याने ते प्रथिन निरुपद्रवी होत नाही. "एवढ्याशा कणाने काय होणार?" असे वडीलधारी माणसे म्हणतात. त्यात माया असते, म्हणूनच त्यांना समजाविणे अवघड!

खरी कसोटी श्रावणात. नागपंचमी हा उत्तर कर्नाटकात उंड्यांचा सण. झोके बांधले जातात, घरोघर ताटे फिरतात. शेंगांचे उंडे त्याने घ्यायचे नाहीत, हे सोपे. पण तिळाचे उंडेही त्याच हातांनी, त्याच परातीत वळलेले असतात. बंद पाकिटावर शेंगदाण्याची नोंद करणे २०२० च्या नियमांनी बंधनकारक झाले. शेजारणीच्या ताटावर कोणती चिठ्ठी असणार? मुलाच्या आईने भांडण न करता मार्ग काढला. सणाच्या आदल्या दिवशी ती स्वतःच रव्याचे लाडू घेऊन चार घरी जाते आणि त्या घासाची हकीकत सांगते. परिणामी शेजारच्या अक्का आता त्याच्यासाठी वेगळ्या खलात कारळ्यांची चटणी कुटतात. (कारळे त्याला चालतात, हे अर्थात डॉक्टरांना विचारूनच ठरले.) कानडीत तिला 'गुरेळ्ळ चटणी' म्हणतात, आम्हा घाटी माणसांना ती आजोळची वाटते.

सरकारी शाळांतून अंडे न खाणाऱ्या मुलांस काही वर्षे शेंगांची चिक्की मिळे. पौष्टिक म्हणून दिलेली वस्तू एखाद्यास घातक असू शकते, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक असावयास हवे. प्रवेशाच्या वेळी पालकांना तेवढे विचारावे.

आईवडील आयुष्यभर बरोबर असणार नाहीत, म्हणून घरच्यांनी त्याला एक वाक्य पाठ करविले आहे. मागे सिद्धारूढ मठात प्रसादास बसलो असता वाढप्याने पळी पुढे केली. मुलाने पानावर हात आडवा धरला आणि खणखणीत विचारले, "इदराग शेंगा ऐतेनरी?" ह्यात शेंगा आहेत का? वाढप्या क्षणभर थबकला, आत जाऊन आचाऱ्यास विचारून आला, आणि मग हसून त्याच्या पानावर भात वाढला.